थकलेला दशांश आणि वरचा पाचवा हिस्सा : नाशिकमधलं एक प्रकरण

आमच्या बायबल अभ्यासाच्या गटात नियमशास्त्र (म्हणजे मोशेचे नियम) आणि कृपा (देव फुकट देतो ते) हा विषय निघाला की सगळे लगेच माना डोलावतात, इफिसकरांच्या पत्रातलं "कृपेनेच विश्वासाच्या द्वारे तारण" तोंडपाठ म्हणून दाखवतात आणि घरी जाऊन आपापली वही उघडतात. या प्रकरणात तर खरोखरच वही आहे, दोनशे पानी, निळ्या कव्हरची. कुटुंबाला विचारूनच लिहितोय, नावं कुणाचीच देत नाही, फेलोशिपचंही नाही, आकडे मात्र त्यांनी सांगितले तेच ठेवलेत.

माणसं कोण

ताई (असंच म्हणतो) चाळिशीच्या, माहेर संगमनेरकडचं, नाशिकला घर पाथर्डी फाट्याच्या बाजूला, भाड्याचं. मिस्टर अंबड एमआयडीसीत कॉन्ट्रॅक्टवर ऑपरेटर, हातात २२ हजार. ताई घरी ब्लाउज, फॉल-पिको करतात, महिन्याला सहाएक हजार सुटतात, आणि आधी काही वर्षं द्राक्षाच्या सीझनला पिंपळगाव बसवंतकडं पॅकहाउसमध्ये जायच्या, गाडी यायची न्यायला. एक मुलगा, बारावीला. सासूबाई शरणपूरच्या जुन्या ख्रिस्ती घराण्यातल्या, चौथी पिढी, आणि हे त्या ओळख झाल्यावर पहिल्या पाच मिनिटांत सांगतातच.

कोविडनंतर ताई सिडकोतल्या एका छोट्या फेलोशिपला जायला लागल्या. भाड्याचा हॉल, ऐंशी-शंभर माणसं, गाणी झकास, पास्टर तरुण, प्रार्थना मनापासूनची. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून ती माणसं लबाड होती असं वाटेल आणि तसं अजिबात नव्हतं. सासूबाईंच्या चर्चमध्ये पंधरा वर्षं जाऊनही ताईंना "अमक्यांची सून" याच्यापलीकडं कुणी ओळखत नव्हतं, इथं तिसऱ्याच रविवारी बायकांना त्यांच्या मुलाच्या परीक्षेची तारीख माहीत. माणूस अशा ठिकाणी थांबणारच ना.

तिथं दर कुटुंबामागं एक वही होती. दशांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, किती दिला, शुक्रवारचा उपवास झाला का, पहाटेची प्रार्थना किती वाजता, महिन्यात किती जणांना साक्ष दिली, म्हणजे आपल्या विश्वासाबद्दल सांगितलं, असे रकाने. महिनाअखेरीला एक सिस्टर बघून सही करायच्या आणि ज्यांची पूर्ण भरलीय त्यांची नावं रविवारी स्टेजवरून वाचायची, टाळ्या. ज्यांची नाही त्यांना कुणी काही बोलायचं नाही. पण न वाचलेली नावंच जास्त ऐकू येतात, हे ज्यांनी अशी सभा बघितलीय त्यांना सांगायला नको.

१०,०८० रुपये

दोघांच्या कमाईचा दशांश महिन्याला २,८०० होत होता. त्या वर्षी मार्चमध्ये क्लासच्या फीचा पुढचा हप्ता आला आणि मार्च, एप्रिल, मे तिन्ही महिने दशांश गेला नाही. ८,४०० थकले. सिस्टरनी प्रेमानंच जवळ बसवून बायबलच्या लेवीय पुस्तकातल्या २७ व्या अध्यायातली ३१ वी ओवी दाखवली, की कुणाला आपल्या दशांशातलं काही सोडवून घ्यायचं असेल तर त्यानं वर पाचवा हिस्सा घालावा. म्हणजे ८,४०० चा पाचवा हिस्सा १,६८०, एकूण १०,०८०. जूनमध्ये मिस्टरांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं, रिन्यू झालं नाही. ऑगस्टमध्ये मुलाला डेंग्यू, चार दिवस ॲडमिट, प्लेटलेट खाली, आणि नेमकं त्याच दिवशी ग्रुपवर मलाखी संदेष्ट्याच्या ३ ऱ्या अध्यायाचा फॉरवर्ड आला की देवाला दशांशात ठकवणारे शापाखाली आहेत. तो मेसेज ताईंसाठी पाठवला होता असं मला वाटत नाही, असे मेसेज सगळीकडे रोजच फिरत असतात. पण हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसलेल्या आईनं तो कसा वाचला असेल ते तुम्हीच ठरवा.

डिस्चार्ज झाला त्याच आठवड्यात ताईंनी महिला बचत गटातून मशीन दुरुस्तीच्या नावाखाली १० हजार काढले, महिना दोन टक्क्यांनी, वरचे ८० पदरचे घातले आणि वही पूर्ण केली. रविवारी नाव वाचलं गेलं.

हे कळलं कसं, तर दोन हप्ते चुकले तेव्हा गटातल्या बायका दारात आल्या आणि तेव्हा घरात सासूबाई होत्या. मशीन तर दुरुस्त झालेलंच नव्हतं. सासूबाईंनी त्यांच्या ओळखीच्या निवृत्त पाद्रीसाहेबांना फोन केला आणि साहेबांनी मला सोबत घेतलं, कारण माझी अख्खी नोकरी एका पतसंस्थेत गेलीय आणि त्यांना वाटलं हा मामला हप्त्यांचा आहे.

हप्त्यांचं सोपं होतं, गटाच्या अध्यक्षबाईंशी बोलून सहा महिन्यांत वाटून घेतलं, त्या बिचाऱ्या समजूतदार निघाल्या. अडचण पहिल्या बैठकीतल्या एका वाक्यात होती. सासूबाई म्हणाल्या, "त्या हॉलवाल्यांनी लुटलं हिला." त्यावर ताई एकदम शांतपणे म्हणाल्या, "मला कुणी लुटलं नाही आई, मी देवाचं देणं फेडलंय." आणि नंतर हळूच विचारलं की सगळं फेडलं तरी मिस्टरांना काम का मिळत नाहीये, आधीचा एखादा महिना राहून गेला असेल का, फेलोशिपला यायच्या आधीच्या वर्षांचं पण धरतात का.

नियमशास्त्रच नीट वाचलं तर

साहेबांनी तिथं कृपेवर प्रवचन दिलं नाही, हे मला फार आवडलं. आधी नियमशास्त्रच उघडलं. म्हणाले, पाळायचंच असेल तर पूर्ण वाचू.

लेवीय २७ मधला पाचवा हिस्सा उशिराचा दंड नाहीच. शेतकऱ्याला दशांशाचं धान्य स्वतःकडं ठेवून घ्यायचं असेल, त्याच्या बदल्यात पैसे द्यायचे असतील, तर किमतीवर पाचवा भाग जास्त, एवढाच तो मुद्दा. "सोडवून घेणं" म्हणजे वस्तू परत घेणं. ताईंनी काय सोडवून घेतलं होतं? काहीच नाही. दुसरं म्हणजे दशांशाच्या नियमात बोलणं चाललंय ते धान्याचं, द्राक्षारसाचं, तेलाचं, कळपातल्या जनावरांचं, आणि तो जायचा लेव्यांना, म्हणजे मंदिराची सेवा करणाऱ्या वंशाला, कारण बाकीच्या वंशांसारखा त्यांना जमिनीचा वाटा नव्हता, हे गणना १८ मध्ये स्पष्ट आहे. अनुवाद नावाच्या पुस्तकाचा १४ वा अध्याय तर लोकांनी वाचलेलाच नसतो. तिथं म्हटलंय की वर्षाचा दशांश देवाच्या ठिकाणी नेऊन कुटुंबासकट खा, लांब पडत असेल तर विकून पैसे घेऊन जा आणि तिथं मनाला येईल ते घे, गुरं, मेंढरं, द्राक्षारस, आणि आनंद कर. तिसऱ्या वर्षीचा दशांश गावातच ठेवायचा, लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर खावं म्हणून. मिस्टरांची नोकरी गेल्यावर त्या नियमानं बघितलं तर हे कुटुंब देणाऱ्यांच्या रांगेपेक्षा घेणाऱ्यांच्या रांगेजवळ होतं.

मलाखी बोलतोय तो त्या कराराखालच्या इस्राएलाशी आणि त्यांच्या याजकांशी, भांडार मंदिराचं, अन्न लेव्यांचं. गलतीकरांस ३ मध्ये प्रेषित पौल सरळ म्हणतो की ख्रिस्तानं आपल्याला नियमशास्त्राच्या शापातून सोडवलं, तो स्वतः शाप झाला. मग सिडकोतल्या एका आईवर मलाखीचा शाप परत कुठून आला?

ताई ऐकत होत्या पण पटलं असं दिसलं नाही. म्हणाल्या, "म्हणजे नियम चुकीचा लावला. मग बरोबर कोणता?" साहेब माझ्याकडं बघून हसले. दशांशाचा धाक गेला तर त्यांना लगेच दुसरा आकडा हवा होता.

पास्टरांशी बोलणं

आम्ही दोघं पास्टरांना भेटायला गेलो. चहा त्यांनीच पाजला. त्यांचं म्हणणं ऐकून घेण्यासारखं होतं. पहिलं, दशांश नियमशास्त्राच्या आधीचा आहे, अब्राहामानं मलकीसदेकाला दिला, उत्पत्ती १४. साहेब म्हणाले, बरोबर, पण ती लढाईतली लूट होती, दर महिन्याला दिल्याचं कुठं लिहिलेलं नाही, आणि "नियमशास्त्राच्या आधीचं म्हणून बंधनकारक" हे लावायचं तर सुंताही उत्पत्ती १७ मधली आहे, तीही आधीचीच, आणि तिच्यावरूनच तर पौलानं गलतीकरांना एवढं कडक पत्र लिहिलं. यरुशलेमात साधारण इ.स. ४९-५० च्या सुमारास प्रेषित आणि वडील बसले, परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांवर नेमकं काय लादायचं हे ठरवायला, प्रेषितांची कृत्ये १५, आणि त्यांनी मूर्तीला वाहिलेलं, रक्त, गळा दाबून मारलेलं आणि जारकर्म एवढं टाळा असं कळवलं. दशांश त्या यादीत नाही.

पास्टरांनी मग मत्तय २३ काढला, येशू परूश्यांना, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुद्यांना, म्हणतो की पुदिना, शेपू, जिरं यांचा दशांश देता आणि न्याय, दया, विश्वास सोडता, ते करायचं होतं आणि हेही सोडायचं नव्हतं. हा मुद्दा कच्चा नाही, मी तिथंच तसं म्हणालो. पण तेव्हा मंदिर उभं होतं, ऐकणारे नियमशास्त्राखालचे होते, आणि त्या ओवीतलं वजन दयेवर आहे, जिऱ्यावर नाही. पौलानं यरुशलेममधल्या गरिबांसाठी मंडळ्यांमधून पैसे गोळा केले, त्यावर करिंथकरांना दोन अख्खे अध्याय लिहिले, तिथं एकदाही दहा टक्के म्हटलं नाही. जसं मिळालं असेल त्या मानानं, मनात ठरवल्याप्रमाणं, भाग पडतं म्हणून नाही.

शेवटी पास्टर जे बोलले ते मात्र मला अजून टोचतं. "साहेब, तुमच्या चर्चला जागा मिशनऱ्यांनी ठेवलीय. मला दर पाच तारखेला हॉलचं भाडं द्यावं लागतं. नियम काढला तर लोक देणार नाहीत, आणि नुसतं देणं नाही, येणारही नाहीत, रविवारी मॉलला जातील." खरं सांगायचं तर यात तथ्य आहे. सुवार्ता सांगणाऱ्याची उपजीविका सुवार्तेवर व्हावी हेही पौलाचंच म्हणणं आहे, १ करिंथ ९. मी एवढंच म्हणालो की मग भाडं किती, लाइट बिल किती, तुमचं घर कशावर चालतं, ते कागदावर मांडा आणि सांगा की मिळून भरू. लोक देतील किंवा नाही देतील. पण भाड्यासाठी शाप वापरायचा नाही.

आणखी एक गोष्ट मी तिथं बोलायची म्हणून बोललो. दशांशाच्या प्रवचनात विधवेची दोन नाणी हमखास येतात, मार्क १२. त्याच्या बरोबर आधीच्या ओवीत येशू विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांबद्दल बोलतोय, ती ओवी मात्र कुणी वाचत नाही. पास्टर गप्प राहिले. पुढच्या महिन्यापासून पाचवा हिस्सा त्यांनी बंद केला. वही चालू ठेवली.

सासूबाईंची वही

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल की कृपेची बाजू सासूबाईंची होती. मुळीच नाही. त्यांच्याकडं निळी वही नव्हती एवढंच, त्यांचा हिशेब घराण्याचा. "आम्ही शरणपूरचे." चार पिढ्या, चर्चच्या वर्गणीच्या पावत्या पत्र्याच्या डब्यात लावून ठेवलेल्या, एक चुकलेली नाही, आणि वर्गणी थकली तर लग्नाला-मयताला अडेल ही भीती, जी जुन्या मंडळ्यांमध्ये कितीतरी घरांत असते. फिलिप्पै ३ मध्ये पौल स्वतःची अशीच यादी देतो, आठव्या दिवशी सुंता, बन्यामिनाच्या वंशातला, नियमशास्त्राच्या बाबतीत निर्दोष, आणि ही सगळी जमेची बाजू ख्रिस्तापुढं केरकचरा समजतो म्हणतो.

साहेबांनी त्यांना शरणपूरचाच इतिहास आठवून दिला. चर्च मिशनरी सोसायटीनं एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ही वसाहत उभी केली तेव्हा तिथं कोण राहत होतं? अनाथ, आपल्या माणसांनी घराबाहेर काढलेले, आणि गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं. त्यातलाच जेकब वेनराइट, इथं शिकून गेलेला, पुढं आफ्रिकेत फिरणाऱ्या मिशनरी लिव्हिंग्स्टनबरोबर होता, १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन गेले तेव्हा तिथल्या झाडावर त्यांचं नाव यानं कोरलं आणि मृतदेहाबरोबर इंग्लंडपर्यंत गेला. यातल्या कुणाकडं घराणं नव्हतं, गुलामाच्या बाजारातून आलेल्या पोराकडं कसला वंश. शरणपूरची पहिली पिढी हात रिकामे घेऊनच आत आली आणि चौथी पिढी त्याचाच दाखला करून मिरवते. सासूबाईंना राग आला, साहजिक आहे, दोन दिवस फोन उचलला नाही.

पण सासू-सुनेतलं खरं दुखणं वेगळंच निघालं. फेलोशिपमध्ये शिकवलं गेलं होतं की जुन्या चर्चचे लोक नावाचे ख्रिस्ती, त्यांच्यात प्रभुभोजन (भाकर-द्राक्षारसाचा विधी) घेऊ नये, आणि म्हणून ताई वर्षभर सासूबाईंबरोबर प्रभुभोजनाला उठत नव्हत्या, घरी आजारी असल्याचं सांगायच्या. हे तर सरळ सरळ अंत्युखिया शहरात झालं तेच आहे. पेत्र परराष्ट्रीयांबरोबर जेवत होता, याकोबाकडची, नियमशास्त्र पाळणारी यहुदी माणसं आली तसा हळूहळू पंगतीतून बाजूला झाला, त्याचं बघून बर्णबाही, आणि पौलानं सगळ्यांसमोर त्याला धरलं, गलतीकरांस २. नीतिमान ठरतो तो विश्वासानं, नियमशास्त्राच्या कर्मांनी नाही, हे एवढं मोठं वाक्य त्या पत्रात या जेवणाच्या भांडणातून आलंय. कोण कुणाबरोबर जेवतो यावरूनच कळतं की माणूस कृपा मानतो की नुसती म्हणतो.

जाता जाता, शेजारच्या काकूंकडच्या गणपतीचं जेवणही ताईंनी असंच सोडलं होतं, ज्या काकू त्यांना सर्वांत जास्त शिलाई द्यायच्या. साहेबांनी १ करिंथ १० दाखवला, बोलावलं तर जा, वाढतील ते शंका न काढता खा, आणि हे वाहिलेलं आहे असं कुणी मुद्दाम सांगितलं तर त्याच्या मनाखातर खाऊ नका. ताई तिथं जेवायला जाऊ लागल्या, प्रसाद हातात दिला तर नम्रपणे नको म्हणतात, काकूंना त्यात काही वाटत नाही. एवढाच विषय होता तो.

आणि हो, कॅथॉलिक लोक म्हणजे सगळे कर्मकांडवाले असंही फेलोशिपमध्ये सर्रास बोललं जायचं. नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला फेब्रुवारीत किती गर्दी असते ते आपण बघतोच, आणि तिथं नवसाचे हिशेब चालतात हेही खरं. पण ३१ ऑक्टोबर १९९९ ला ऑग्सबर्गमध्ये कॅथॉलिक चर्च आणि लुथरन वर्ल्ड फेडरेशन यांनी जाहीरनाम्यावर सह्या केल्यात की आपल्या कुठल्याही पुण्याईमुळं नाही तर केवळ कृपेनं, ख्रिस्ताच्या तारणाच्या कार्यावरच्या विश्वासानं देव आपल्याला स्वीकारतो. कागदावर सगळेच कृपावाले आहेत हो.

द्राक्षमळा

सगळ्यात जास्त फरक कशानं पडला असेल तर मत्तय २० नं, आणि तोही उलट्या बाजूनं. मळ्याच्या मालकानं पहाटे मजूर लावले, मग नऊला, बाराला, तीनला, शेवटचे पाच वाजता, आणि संध्याकाळी सगळ्यांना सारखाच एक दिनार, म्हणजे पूर्ण दिवसाची मजुरी. ताईंच्या घरी वाचन चाललं होतं, आठ-दहा जण होते, सगळे "आमेन" म्हणत होते. ताई चिडल्या.

म्हणाल्या, हे चूक आहे. मी पॅकहाउसला काम केलंय. पेठ-सुरगाण्याहून बायका पोरांना घेऊन यायच्या, अंधारात उठून, आणि त्यांच्यासमोर पाच वाजता आलेल्यांना तेवढेच पैसे दिले तर मुकादमाला दुसऱ्या दिवशी सकाळी एक माणूस मिळणार नाही, सगळे पाचलाच येतील.

खोलीत शांतता. मला वाटतं त्या दिवशी तिथं ती गोष्ट फक्त ताईंनाच कळली होती, बाकी आम्ही पाठ केलेली होती. ती ऐकून राग आला पाहिजे असाच तिचा घाट आहे, पहाटेचे मजूर कुरकुरतातच की गोष्टीत. साहेबांनी विचारलं, "पाच वाजेपर्यंत नाक्यावर थांबलेले का थांबले होते?" ताई म्हणाल्या, "कुणी नेलं नाही म्हणून." "मग तुमचे मिस्टर जूनपासून कुठं आहेत?"

त्यावर ताई रडल्या. साहेबांनी पुढं काही जोडलं नाही, पुस्तक मिटून प्रार्थना केली, चहा झाला, सगळे गेले. मी मात्र निघताना राहवलं नाही म्हणून कलस्सै २ दाखवला, आपल्याविरुद्धचं ऋणपत्र खोडून वधस्तंभाला खिळलं, आणि माझ्या भाषेत सांगितलं की कर्ज खातं निरंक होऊन नील दाखला हातात असलेला माणूस रोज काउंटरवर येऊन हप्ता भरतो म्हणाला तर आम्ही घेत नाही, घ्यायला खातंच नसतं. ताई म्हणाल्या, "पण तो घरी झोपत असेल का नीट?" उत्तर नव्हतं माझ्याकडं.

कारण झोप आलीच नाही. दशांश बंद केल्यावर पहिले काही आठवडे त्यांची तब्येत आणखी बिघडली, मुलाला साधी सर्दी झाली तरी वहीकडं हात जायचा. माणसाला नियमातून बाहेर काढलं की तो लगेच हलका होतो असं साक्षींमध्ये सांगतात, इथं तसं काही झालं नाही. त्यावर साहेबांनी लक्ष्मीबाई टिळकांची आठवण काढली. बाई आपल्याच, गोदाकाठच्या जलालपूरच्या, जन्म १८६८, वडिलांना सोवळ्याचं पराकोटीचं वेड. त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पुढं त्या परत नवऱ्याकडं राहायला गेल्या तरी स्वतःचं सोवळं, वेगळं पाणी, वेगळा स्वयंपाक सांभाळूनच राहिल्या आणि टिळकांनी ते राहू दिलं. "स्मृतिचित्रे" वाचलेल्यांना माहीतच आहे ते कसं हळूहळू आतून सुटलं. साहेब म्हणाले, ताईंच्या मागं लागू नका, वही जाळा वगैरे नाटकं करायला लावू नका.

मिस्टर

मिस्टरांना मात्र कृपा पहिल्याच दिवशी समजली! "म्हणजे आता द्यायचंच नाही ना काही?" फेलोशिप सुटली, सासूबाईंचं चर्चही सुटलं, रविवारी दहापर्यंत झोप, कुणी विचारलं तर "मी कृपेत आहे." मला संताप यायचा. रोमकरांस ६ मध्ये हाच प्रश्न पौलानं आधीच विचारून ठेवलाय, कृपा वाढावी म्हणून पापात राहावं काय, आणि लगेच म्हणतो, कधीच नाही. तीताच्या पत्रात तर कृपाच शिकवते असं आहे, मर्यादेनं, नीतीनं कसं वागायचं ते. पास्टर म्हणाले होते तेच डोळ्यासमोर घडत होतं आणि त्यांना ते कळलंही असणार.

पण माणूस सरळ रेषेत चालत नाही. नोव्हेंबरमध्ये सातपूरला काम लागलं, १८ हजार, आधीपेक्षा कमी. पहिल्या पगारापासून बचत गटाचे हप्ते मिस्टरांनीच भरले, ताईंना न सांगता, आणि अध्यक्षबाईंकडं जाऊन मशीनचं खोटं होतं हेही स्वतः सांगून आले. रविवारी अजूनही झोपतात. याला काय म्हणायचं? साहेब याकोबाचं पत्र काढतात, क्रियांवाचून विश्वास निर्जीव. मी म्हणतो क्रिया तर दिसतेय, विश्वासाचाच पत्ता नाही.

आत्ता काय स्थिती

ताईंनी शुक्रवारचा उपवास सोडला नाही. आमच्या गटातले काही तरुण त्यांना समजवायला गेले की तुम्ही अजून नियमाखाली आहात, मोकळ्या व्हा, शुक्रवारी मुद्दाम वडापाव घेऊन गेले, आणि तेव्हा साहेबांनी त्या पोरांना जे झापलंय, रोमकरांस १४ अख्खा वाचायला लावला. एक जण एक दिवस दुसऱ्यापेक्षा मोठा मानतो, दुसरा सगळे दिवस सारखे मानतो, जो खातो त्यानं न खाणाऱ्याला तुच्छ लेखू नये. वडापाव खायलाच पाहिजे हाही नियमच झाला की. ताईंचं म्हणणं, मला त्या दिवशी प्रार्थनेला बरं वाटतं, रकाना भरायचा नाही, मग करू द्या ना. आम्ही गप्प.

देण्याचं अवघड गेलं. त्यांनी साहेबांना विचारलं, किती देऊ, साहेबांनी २ करिंथ ९ दाखवला, मनात ठरवाल तेवढं. ताई वैतागल्या, "म्हणजे सांगणार नाही तुम्ही." आकडा असला की बरं असतं, दहा दिले की नव्वद आपले, विषय संपला, देवालाही त्यापुढं काही मागता येत नाही. कृपेत असा आकडा मिळत नाही, पूर्ण जीवच मागितला जातो आणि किमान रक्कमही ठरत नाही. काही महिने ताईंनी काहीच दिलं नाही. मग खालच्या मजल्यावरच्या एकट्या आजींच्या औषधांचे पैसे द्यायला लागल्या, कधी ३०० कधी ७००, आणि एकदा मला फोन करून विचारलं की हे दशांशात धरतात का. मी विचारलं, कोण धरतं? त्या हसल्या, पण पूर्ण नाही.

ईस्टरला सासू-सून एकत्र प्रभुभोजनाला उठल्या, सासूबाईंच्या चर्चमध्ये. सासूबाईंच्या पावत्यांचा डबा जागेवर आहे आणि "आम्ही शरणपूरचे" हेही चालूच आहे, वयाच्या बहात्तराव्या वर्षी तेवढं चालायचं.

आता भांडण आहे ते वेगळ्याच गोष्टीवर. संध्याकाळी ताई परत त्या फेलोशिपला जायला लागल्यात, मैत्रिणी तिथं आहेत, गाणी तिथली आवडतात, वहीत त्यांचे रकाने कोरे असतात आणि सिस्टर सही न करता पान उलटतात. मला वाटतं हे धोक्याचं आहे, नावं अजून वाचली जातात, एखादा वाईट महिना आला की त्या परत भरायला लागतील. साहेब म्हणतात, कोरा रकाना घेऊन त्या हॉलमध्ये बसलेली एक बाई माझ्या-तुझ्या दहा बायबल अभ्यासांपेक्षा त्या लोकांना जास्त शिकवेल, जाऊ दे तिला. मला हे पटलेलं नाही. ताईंना विचारलं तर म्हणाल्या, तुम्ही दोघं ठरवा आणि मला कळवा, मी तोवर जाऊन येते.